न बोलावण्याची रीत

नेगोतिन, २ नोव्हेंबर

प्रिय व्हेरेना,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा होता तसाच आहे, मांडवावरची उरलीसुरली द्राक्षं पाखरांनी संपवली, आणि माझ्या मिओद्रागच्या कबरीपाशी तू एप्रिलमध्ये लावलेली रोपं अजून जीव धरून आहेत. वुकान म्हणेल, आईला काय झालंय, फोन असताना पत्र कसलं? त्याला सांग, तुझी आई आणि तुझी बायको फोनवर नऊ वर्षांत हवामानाच्या पुढे गेलेल्या नाहीत. लिंट्झला पाऊस आहे का, नेगोतिनला ऊन पडलंय का, ईडाचा खोकला गेला का, बरं मग ठेवू का, हो ठेवा. दोघी शहाण्या, दोघी सभ्य. मी जन्मभर शाळेत जर्मन शिकवलं, त्यामुळे भाषेची अडचण होती असंही मला म्हणता यायचं नाही. अडचण होती ती वर्षातल्या एका दिवसाची. आमच्या घरच्या स्लाव्हाला, घराण्याच्या संताच्या सणाला, तू कधी आली नाहीस, आणि मी त्याबद्दल तुला कधी विचारलं नाही. आज विचारायचं ठरवून बसलेय, पण सरळ मुद्द्यावर येण्याची सवय मला नाही, तेव्हा जरा धीर धर.

हे पत्र मी गुडरुनबरोबर देतेय, व्हिएन्नाची शिक्षिका, आठवडाभर माझ्याकडे पाहुणी होती. ती उद्या सकाळच्या बसने व्हिएन्नाला निघेल आणि तिकडून पोस्टात टाकेल. आमच्या टपालाचा तुला अनुभव आहेच, ईडाच्या दुसऱ्या वाढदिवसाचं कार्ड तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला पोचलं होतं. आत्ता गुडरुन वर तुमच्याच खोलीत बॅग भरतेय आणि मी दिलेल्या भाजक्या मिरचीच्या बरण्या टॉवेलांत गुंडाळतेय. तिचं मला इतकं कौतुक का, ते सांगते. आमच्या शाळेने हल्ली एक उपक्रम चालवलाय. तुमच्याकडचे शिक्षक शरदाच्या सुट्टीत आठवडाभर इथं येतात आणि आमच्या घरांतून राहतात. व्हिएन्नातल्या काही शाळांत निम्मा वर्ग आमच्याच लोकांच्या नातवंडांचा असतो, तेव्हा ही मुलं कुठल्या घरांतून आली, तिथं काय शिजतं, कशावर रुसतात, कशावर हसतात, ते त्यांना बघायचं असतं. सकाळी आमच्या शाळेत तासांना बसायचं, दुपारी कुणाच्या अंगणात मिरच्या भाजायच्या नाहीतर राकियाची, फळांच्या दारूची, भट्टी बघायची, संध्याकाळी यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात गप्पा. शेवटी सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं. मिओद्राग गेल्यापासून घर खायला उठलं होतं. मुख्याध्यापिकेने विचारलं तेव्हा मी तिचं वाक्य पुरं होण्याआधीच हो म्हणून टाकलं.

गुडरुन पन्नाशीची, उंच, आणि इतकी व्यवस्थित की कॉफीचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप धुवायला उठते. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, पाणी घेऊ का? दुसऱ्या दिवशी पुन्हा, पाणी घेऊ का? मी म्हटलं, अगं बाई, नळ आहे, पेला आहे, हात आहेत, विचारतेस काय? तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला तुझी आठवण झाली, खोटं कशाला सांगू. तूही अशीच फ्रिजसमोर उभी राहून माझ्याकडे बघायचीस आणि मला वाटायचं, हिला या घरात परकंच राहायचंय.

आता ऐक ती इथं कशासाठी आली होती. तिच्या वर्गात एक मुलगी आहे. ती दरवर्षी १९ डिसेंबरला शाळा बुडवते. कारण विचारलं की म्हणते, आमच्याकडे स्लाव्हा आहे. गुडरुनने आधी समजूत घातली, मग रागावली, मग आईवडिलांना बोलावून घेतलं. ते शांतपणे म्हणाले, बाई, स्लाव्हा आहे ना. जणू याच्यापुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा गुडरुनने ठरवलं की ही स्लाव्हा म्हणजे काय ते जाऊन बघायचंच. सुट्टीच्या त्याच आठवड्यात, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, शेजारच्या स्तामेंकाकडे संत लुकाची स्लाव्हा होती. योग इतका छान जुळला होता की मी स्वतःवरच खूश होते.

आदल्या दिवशी सगळ्या पाहुण्या शिक्षकांना स्लाव्हाची माहिती द्यायचं कामही माझ्याकडेच होतं. तासभर बोलले. दर घराण्याचा एक संत असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो, घर बदललं तरी संत बदलत नाही, हे सांगितलं. मेणबत्ती का, लाल वाईन का, साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू दारात आलेल्याला आधी चमचाभर का द्यायचा, हे सांगितलं. गोल पाव आणून दाखवला, आणि घरची माणसं पाद्रींबरोबर तो हातांवर धरून कसा गोल फिरवतात तेही दोन बायकांना उभं करून करवून घेतलं. गुडरुनने पानंच्या पानं लिहिली. शेवटी टाळ्या पडल्या. मी घरी आले ती जमिनीपासून वीतभर वर चालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्तामेंकाला हातभार लावायला लवकर निघाले. जाताना गुडरुनला म्हटलं, आज स्तामेंकाकडे स्लाव्हा आहे, घर तुला माहीतच आहे. आमच्यात याहून स्पष्ट कुणी बोलत नाही. ती हसली आणि म्हणाली, दिवस छान जावो तुमचा. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण डोक्यात कोबीच्या पानांचे सार्मा होते, ते मोठ्या पातेल्यात रचायचे होते. दुपारी घर भरलं. निम्मी गल्ली, स्तामेंकाचे पुतणे, सून, व्याही, सगळे आले. गुडरुनचा पत्ता नाही. स्तामेंका तुला माहीत आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. भरल्या घरात मला म्हणाली, "अगं विदा, तुझी ती व्हिएन्नाची बाई कुठाय? का आमच्या हातचं तिला चालत नाही?" माझा चेहरा उतरला. मनात म्हटलं, घ्या, हीसुद्धा त्यातलीच. सगळ्या सारख्या. हे 'सगळ्या' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते तुला कळलंच असेल.

दिवेलागणीला घरी आले ती भांडायच्या तयारीने. गुडरुन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर पावाचा तुकडा आणि चीज. आणि व्हेरेना, तिने निळा रेशमी ड्रेस घातला होता. कानांत मोत्यांच्या कुड्या, बुटांना पॉलिश, खिडकीपाशी वाईनची बाटली रंगीत कागदात गुंडाळून ठेवलेली. सकाळपासून ती तयार होऊन खिडकीत बसली होती. तिथून स्तामेंकाचं फाटक दिसतं. आत जाणारं प्रत्येक माणूस तिने पाहिलं होतं.

मी विचारलं, "तू आली का नाहीस?"

"मला कुणी बोलावलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, स्लाव्हाला कुणी बोलवत नाही. तिने विचारलं, का? मी तासभर बोलून टाळ्या घेतल्या होत्या. पण हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग जमेल तसं सांगितलं. दिवस संताचा, त्या दिवशी घर त्याचं. बोलावणारे आपण कोण? एकाला बोलावलं म्हणजे दुसऱ्याला वगळलं. म्हणून दार उघडं ठेवायचं, ज्याला आपलं वाटतं तो येतो. बोलावणं धाडलं तर उलट माणूस दुखावतो, म्हणतो, मी काय परका आहे? तिने सगळं नीट ऐकून घेतलं. वही उघडली नाही. मग म्हणाली, हे तुम्ही काल सांगितलं नाहीत. खरंच नव्हतं सांगितलं. मेणबत्तीची उंचीसुद्धा सांगितली होती, पण हे नाही. जे आपण श्वासाबरोबर घेतो ते सांगायचं कुणाला सुचतं?

मग भिंतीवरच्या तुमच्या लग्नाच्या फोटोकडे बघत तिने विचारलं, तुमची सून येते स्लाव्हाला? मी म्हटलं, नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. ती मांडीवरच्या ड्रेसची घडी हाताने सारखी करत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "तिच्याकडेही एखादा निळा ड्रेस असेल."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. स्तामेंकाने दिलेलं ताट गुडरुनने संपवलं, उभ्या-उभ्या, ओट्याशी.

तुला एक गंमत सांगते, वुकानने कदाचित सांगितली असेल. मी तरुण होते, नुकती शाळेला लागले होते, तेव्हा मीसुद्धा अशाच उपक्रमाला तुमच्याकडे गेले होते. ग्रात्सला, तीन आठवडे, जर्मनच्या शिक्षकांसाठी. हेडविग नावाच्या एका विधवा बाईंकडे माझी सोय होती. एका रविवारी त्या म्हणाल्या, आज शेजारी वाढदिवस आहे, आणि निघून गेल्या. मला वाटलं, आता मला याहून काय सांगायला हवंय? चांगला फ्रॉक चढवला, घरून नेलेला मिठाईचा डबा घेतला आणि पोचले. अंगणात पांढऱ्या टेबलक्लॉथवर ताटं मोजून मांडलेली, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. सगळे कप हातात धरून उठून उभे राहिले. कुणीतरी आतून तिवई आणली. केक माणशी एकच तुकडा असा कापलेला होता, बिचाऱ्या हेडविगबाईंनी आपल्यातला अर्धा मला दिला. ती फजिती मी पुढे दरवर्षी वर्गात सांगायचे आणि पोरांना बजावायचे, ऑस्ट्रियात बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, तिथली माणसं वाईट नसतात, त्यांची रीतच तशी असते. पिढ्यान् पिढ्या पोरं हसली. आणि पुढे त्याच ऑस्ट्रियातली मुलगी माझी सून होऊन आली तेव्हा हा धडा मी कुठल्या कपाटात ठेवला होता, देव जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

आता आपल्याबद्दल. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू उन्हाळ्यात आलीस, माझ्याबरोबर मिरच्या सोललीस, बोटं जळली तरी तक्रार केली नाहीस. मी मिओद्रागला म्हटलं, पोरगी चांगली आहे. नोव्हेंबरात मी तुझं ताट मांडलं. वुकान एकटा आला. हातात तुझा बिस्किटांचा डबा, ती चंद्रकोरीची, साखरेत घोळवलेली. मला वाटलं, बघा, डबा पाठवला की झालं, स्वतः यायचं नको, आमच्या मेणबत्त्या आणि धूप बाईसाहेबांना मानवत नसणार. तो डबा मी कपाटावर टाकला, टेबलावर ठेवला नाही. पुढे दरवर्षी वुकान आला, डबा आला, तू नाही. पुढे ईडा झाली, तीही नाही. तुला हे ऐकून बरं वाटेल की ती बिस्किटं वाया गेली नाहीत. मिओद्राग स्टूल घेऊन डबा उतरवायचा आणि नव्या वर्षापर्यंत कॉफीबरोबर चोरून खायचा. मिशांना साखर लागलेली असायची आणि तोंडाने म्हणायचा, कुठला डबा? स्लाव्हाच्या दिवशी रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की तो फाटकापर्यंत जायचा. परत येऊन म्हणायचा, येईल गं, एखाद्या वर्षी येईल. त्याला तू आवडायचीस. मलाही आवडायचीस, तोच तर त्रास होता. नावडतीचा राग नऊ वर्षं टिकत नाही.

मग एप्रिलमध्ये तो गेला आणि तू आलीस. तुला कुणी बोलावलं नव्हतं. वुकानच्या आधी तू गाडीतून उतरलीस, सरळ स्वयंपाकघरात गेलीस आणि दोन दिवस कप धूत राहिलीस. पाणी घेऊ का, असंही विचारलं नाहीस. तेव्हा मी रडत होते तरी मनात एक काटा रुतलाच, की म्हणजे हिला न बोलावता येता येतं, स्लाव्हाला मात्र यायचं नसतं. हे मी गुडरुनला सांगितलं तर ती म्हणाली, दुःखात कोण बोलावण्याची वाट बघतं? पण आनंदात न बोलावता जायचं तर आधी खात्री लागते, की आपण तिथं हव्या आहोत.

काल सकाळी वुकानला फोन केला. विचारलं, इतक्या वर्षांत तू व्हेरेनाला कधी 'चल' म्हणालास का रे? तो म्हणाला, "आई, स्लाव्हाला 'चल' कोण म्हणतं?" बरं, मग ती काय म्हणायची? तो म्हणाला, ती दरवर्षी विचारायची, तुझ्या आईने बोलावलंय का? आणि तू काय सांगायचास? "खरं तेच सांगायचो. नाही म्हणून." त्याच्या बापाचा मुलगा शोभतो. मी म्हटलं, गाढवा, पुढे एक वाक्य बोलायला काय जीभ झडली होती? तर म्हणाला, मला वाटलं तिला माहीत आहे, आणि तुला वाटलं असेल की मी सांगितलंय. मग तो शेवटी म्हणाला, "आई, मी निघायच्या आदल्या रात्री ती जागून बिस्किटं करायची. सकाळी मला गाडीपर्यंत सोडायला यायची आणि ईडाला घेऊन फाटकात उभी राहायची." इकडच्या फाटकात मिओद्राग, तिकडच्या फाटकात तू. मध्ये तो गाढव, मांडीवर डबा घेऊन.

गुडरुनचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. स्लाव्हा दुसऱ्या दिवशीही चालते, म्हणून काल मी तिला हाताला धरून स्तामेंकाकडे नेलं, निळ्या ड्रेससकट. आधी स्तामेंकाने तिला फैलावर घेतलं, मग मी सगळं समजावलं, मग स्तामेंकाने स्वतःच्याच कपाळावर हात मारला आणि तिच्या ताटात इतके सार्मा वाढले की गुडरुनला बेल्टचं भोक बदलावं लागलं. निघताना स्तामेंका तिला म्हणाली, पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाही हं. आणि गुडरुन म्हणाली, येते मी. त्या मुलीला आता १९ डिसेंबरची सुट्टी ती आपणहून देणार आहे. माझ्या हातचं प्रमाणपत्र तिला मिळालं, पण यंदा शिकून निघालेली ती एकटी नाही.

तर आता मुद्दा. २१ नोव्हेंबरला आपली स्लाव्हा आहे, संत मिखाइलची. मिओद्रागशिवायची पहिली. गाणं नसेल, पण मेणबत्ती लागेल आणि वुकानला बापाच्या जागी उभं राहून पाव मोडायचा आहे. त्याने मला विचारलं, आई, मला जमेल का? मी म्हटलं, जमेल, पण एकट्याने नाही. पाव फिरवताना घरातल्या सगळ्यांचे हात त्याच्याखाली लागतात. यंदा एक जोडी हात कमी आहेत. ती जागा भरायला मी तुला म्हणत नाहीये, ती त्याची आहे, ती तशीच राहू दे. तुझी जागा वेगळी आहे, माझ्या डाव्या हाताला, आणि ती नऊ वर्षं रिकामी आहे. ईडासाठी तिवई ठेवते, म्हणजे तिचेही हात पोचतील. आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला स्लाव्हाचं बोलावणं धाडलेलं नाही. स्तामेंका म्हणते, संत रागावेल. रागावू दे, त्याची समजूत मी काढीन. व्हेरेना, मी तुला बोलावतेय. ये. नऊ वर्षांत तू मला कशानेच हाक मारली नाहीस, 'ऐका ना' वर भागवलंस. दारात आलीस की तुला जी वाटेल ती हाक मार, मी ओ देईन. आणि यंदा बिस्किटांचा डबा पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
वुकानची आई, आणि चालत असेल तर तुझीही